मदत हवी आहे: फोटो एडिटिंगसाठी परवडणारा मॉनिटर कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी, मी लग्नाचे फोटो काढतो आणि एडिटिंग अजून जुन्या लॅपटॉपवरच चालू आहे, त्याचा पॅनल टीएन प्रकारचा आहे त्यामुळे मान जरा खालीवर केली की रंग बदलतात. परवा एका हळदीचा अल्बम प्रिंट होऊन आला, तर स्क्रीनवर छान पिवळीधमक दिसणारी हळद कागदावर मातकट, आणि नवरीच्या पैठणीचा जांभळा पार निळसर. लॅबची चूक नाही, दोष माझ्या स्क्रीनचाच. नवरीच्या आईचा चेहरा बघून फार वाईट वाटलं हो.

बजेट २० हजारांच्या आसपास, थोडं वर चालेल. आयपीएस पॅनल (तिरकं बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत असा) आणि १०० टक्के एसआरजीबी (रंगांची नेहमीची प्रमाणित श्रेणी) हवंच, डेल्टा ई (रंगातला फरक, जितका कमी तितका बरा) २ च्या आत असला तर उत्तम. त्याहून मोठ्या अडोबी आरजीबी श्रेणीच्या मागे लागत नाही कारण माझी लॅब फाइल एसआरजीबीतच मागते. आसूस प्रोआर्ट मधले दोन डोक्यात आहेत, पीए२४८क्यूव्ही (२४ इंची, १९२०×१२००) आणि पीए२७८क्यूव्ही (२७ इंची, २५६०×१४४०). मोठा घ्यायचा मोह होतोय पण मग कॅलिब्रेटरला (स्क्रीनचे रंग मोजून जुळवायचं यंत्र) पैसे उरत नाहीत, आणि माझ्या मते कॅलिब्रेटर जास्त गरजेचा आहे.

कोणी वापरतंय का यातला? कडेला उजेड फुटतो का? ब्राइटनेस १२० निट्सला (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) ठेवून प्रिंट जुळते का? आणि पुण्यात कॅलिब्रेटर भाड्याने मिळतो का कुठे? प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात अजून दोन लग्नं आहेत.