सफरचंदाच्या कलमजोडाखालून तांबूस भुसा पडतोय, खोडकिडाच का?

प्रश्न: एम-९ खुंटावरची (झाड बुटकं ठेवणारा, मुळांकडचा भाग) चार वर्षांची कलमं आहेत. जोडाखाली खुंटावर खडबडीत गाठी आल्यात, त्यातून तांबूस भुसा पडतो. शेंडा हिरवागार आहे. भोकात रॉकेल ओतू का?

उत्तर १: रॉकेल नको, जिवंत साल जळते. आधी भुसा नीट पाहा. गाठीतून बारीक, दाणेदार भुसा येत असेल तर ती पतंगाची अळी, सालीखालीच खाते. चाकूने सैल साल उचला, अळी वेचून काढा. लांब तंतूंचा भुसा आणि खोल बोगदा असेल तर भुंग्याची अळी समजा. ती लाकडात दोन-तीन वर्षं राहते. लवचीक तार घालून टोकापर्यंत टोचा. तार ओली निघाली तर अळी मेली असावी. साल मात्र गरजेपुरतीच कापा, नाहीतर किड्याने सोडलेलं तुम्ही संपवाल.

उत्तर २: गाठी म्हणजे न फुटलेली मुळं. सावली-ओलीत त्या वाढतात, म्हणून प्लास्टिकची गुंडाळी काढा, आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा. पतंग उडण्याआधी बुंध्याला पांढरा, पाण्यात मिसळणारा रंग समप्रमाणात पाणी घालून लावा.

उत्तर ३: गाठींवर माती चढवली तर त्यांना मुळं फुटतात, हाही उपाय आहे. पण कलमजोड मातीच्या वरच हवा. वरच्या जातीला मुळं फुटली की झाडाचं बुटकेपण गेलं.