मदत हवी आहे: कॅमेरा बंद असतानाही बॅटरी उतरते

मंडळी, कास पठारावरच्या फुलांचा हंगाम तोंडावर आलाय आणि माझा जुना डीएसएलआर रुसून बसलाय. रात्री बॅटरी फुल करून आत टाकली, की सकाळी अर्ध्यावर. तीच बाहेर काढून ठेवली तर चार्ज टिकतो. म्हणजे स्विच बंद असतानाही कॅमेरा करंट खातोय, असा माझा संशय. वायफाय, जीपीएस बंदच आहे. कार्ड आणि लेन्सही बदलून पाहिली.

त्यात चार्जरचं वेगळंच दुखणं. बॅटरी लावली की दिवा नुसता भराभर लुकलुकतो, बोटानं दाबून धरली तर स्थिर होतो. दोन्हीकडची टोकं स्पिरिटनं पुसली, फरक शून्य. बॅटरी 7.2 व्होल्टची लिथियम-आयन. हल्ली खणातून निघताना अडकते, म्हणजे फुगलीय बहुतेक. ती बाद करून नवी घेणारच आहे, पण कॅमेऱ्यानं तिचंही रक्त शोषलं तर?

इथल्या एका दुकानात कॅमेरा न उघडताच 'बोर्ड गेला' म्हणाले. (डोळ्यांत एक्स-रे असावा!)

कॅमेऱ्यातल्या घड्याळाचा छोटा सेल मेला तर असं होतं का? आणि साताऱ्यात, नाहीतर सांगली-मिरजेला, मीटर लावून गळती मोजून देणारा कुणी कारागीर आहे का? बाहेरच्या कंपनीची बॅटरी चालते का, तेही सांगा.