फलाटावर सुवार्ता सांगणे हा गुन्हा आहे काय?

नगरचा वाटसरू

गेल्या आठवड्यात या चर्चामंचावरील एका सदस्यांनी मोठ्या अभिमानाने लिहिले की, दादरच्या पुलावर येशूची पत्रके वाटणाऱ्या दोन तरुणांना त्यांनी व त्यांच्या मित्रांनी घेरले, पत्रके फाडून फेकली आणि ‘पुन्हा दिसलात तर पोलिसांत देऊ’ असा दम भरला. असे कोणी दिसल्यास प्रत्येकाने हेच करावे, असे आवाहनही त्यांनी केले आणि त्याखाली शाबासकीचा पाऊस पडला. त्या पावसात भिजण्याची माझी इच्छा नसल्यामुळे हा स्वतंत्र धागा काढत आहे.

मी नगरचा मराठी ख्रिस्ती आहे. माझ्या पणजोबांच्या कानावर सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, प्रथम आठवड्याच्या बाजारात पडली, कारण देवळाच्या पायरीवर त्यांना कोणी उभे करत नव्हते. सर्वांना सारखेच उभे राहता येईल अशी जागा त्या काळी बाजारच होती. तेव्हा ‘धर्म घरात ठेवा, रस्त्यावर आणू नका’ हा उपदेश करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, काही घरांना रस्त्याखेरीज दुसरे सभागृहच मिळाले नव्हते.

संविधानाच्या अनुच्छेद २५ने धर्म मानण्याचे आणि आचरण्याचेच नव्हे, तर त्याचा प्रसार करण्याचेही स्वातंत्र्य दिले आहे. ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्र यांनी प्रसाराच्या हक्काला कडाडून विरोध केला आणि कन्हैयालाल मुन्शी यांनी तो राखण्याची बाजू मांडली. हिंदू संस्कृतीचे अभिमानी असलेल्या मुन्शींना मिशनऱ्यांचे हस्तक ठरवण्याचे धाडस आपण करणार असाल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. पत्रक नको असेल तर ‘नको’ म्हणावे, हात खिशात घालावेत आणि गाडी पकडावी.

ठाणेकर वकील

वाटसरू यांनी कायदा अर्धाच सांगितला आणि पत्रके फाडणाऱ्या महोदयांनी तर अजिबातच वाचलेला नाही. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मध्य प्रदेश व ओडिशा येथील धर्मांतरविषयक कायदे वैध ठरवले आणि स्पष्ट केले की, आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, परंतु दुसऱ्या व्यक्तीचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. या निकालाचा पहिला भाग एक बाजू विसरते आणि दुसरा भाग दुसरी बाजू.

पुलावर पत्रक देणे हे पहिल्या भागात बसते. रेल्वेच्या आवारात कोणी काय वाटावे याचे नियमन रेल्वे प्रशासन करू शकते, ही गोष्ट वेगळी. ते काम प्रवाशांच्या टोळक्याकडे सोपवलेले नाही.

अबोली

आपण दोघेही फलाटाबद्दल बोलत आहात, कारण फलाटावरून निघून जाता येते. मी रुग्णालयाबद्दल बोलते.

माझी आई मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या कर्करोग विभागात होती. भेटीच्या वेळेत तीन बाया येत, प्रत्येक खाटेजवळ थांबत, हात धरून प्रार्थना करत. सुरुवातीला मला ते बरे वाटले, कारण आमच्या नात्यातल्या कोणाला तेवढाही वेळ नव्हता. मग एके दिवशी आईने पुढची केमो घेण्यास नकार दिला. ‘पूर्ण विश्वास असेल तर प्रभू बरे करतो, औषध घेणे म्हणजे अविश्वास’ असे तिला सांगितले गेले होते. तिचे मन वळवताना घरातल्यांची काय दशा झाली ते लिहीत नाही. जी बाई कूस बदलायलाही दुसऱ्याचा आधार घेते, तिने हात खिशात घालून कोणती गाडी पकडायची, हे वाटसरूंनी सांगावे.

नगरचा वाटसरू

अबोलीताई, आपल्या आईंबाबत जे झाले ते संतापजनकच आहे. परंतु त्या तीन बायांच्या वर्तनाचा हिशेब दादरच्या दोन मुलांकडून का मागायचा? महाराष्ट्रातील कित्येक जुनी रुग्णालये आणि परिचारिका घडवणाऱ्या संस्था कोणी उभ्या केल्या, हे मिरज आणि वाई येथील मिशन रुग्णालयांत जाऊन विचारा. औषध नाकारण्याची शिकवण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दिली जात नाही.

अबोली

मिरजेचे रुग्णालय मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल आदरही आहे. मात्र प्रत्येक वेळी कोणी तक्रार केली की मिरज पुढे करायचे आणि त्या बायांना ‘त्या आमच्या नव्हेत’ म्हणायचे, ही सोय फार जुनी आहे. आपल्या मंडळीने याविरुद्ध जाहीरपणे कधी काही म्हटले आहे काय?

वसईचा बावखल

मी कॅथलिक आहे, तरीही अबोली यांच्या बाजूने लिहितो. आमच्या गावांत पोर्तुगीज काळापासून क्रूस उभे आहेत. असे असूनही रविवारी दुपारी, सुक्या बोंबिलाची आमटी नुकतीच पानात पडलेली असताना, शर्टाच्या बाह्या खाली सोडलेले तरुण दारात येतात आणि रोज पहाटे चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाणाऱ्या माझ्या आजीला विचारतात, ‘आजी, तुमचे तारण झाले आहे का?’ आजीने एकदा त्यांना रोझरी, म्हणजे जपमाळ, दाखवली, तर त्यांनी तिला मूर्तिपूजेवर व्याख्यान दिले. सुवार्ता सांगायला इतके मोठे जग पडलेले असताना यांना माझी आजीच का सापडते?

वाटसरूंची मंडळी जुनी आहे, सभ्य आहे, हे मान्य. पण रस्त्यावर आज दिसणारे बहुतेक उत्साही लोक कोणत्याच जुन्या मंडळीचे ऐकत नाहीत. त्यांच्या वर्तनाची किंमत आम्ही शेजाऱ्यांच्या संशयात मोजतो.

सव्वाआठची फास्ट

येथे पत्रकावर एवढा गहजब चालला आहे, म्हणून विचारतो. कागद मुका असतो. आमच्या लोकलच्या डब्यात सकाळी टाळ, ढोलकी आणि वीस गळे एकदम सुरू होतात. मला रात्रपाळीनंतर झोप लागत नाही, शेजारच्या मुलीला अभ्यास करता येत नाही, आणि ‘जरा हळू’ म्हटले तर ‘देवाच्या नावाचा त्रास होतो का?’ असा प्रश्न येतो. माझ्या कानांचे स्वातंत्र्य कोणत्या अनुच्छेदात आहे?

टाळकरी

हे मी ऐकून घेणार नाही. आमचे भजनी मंडळ वर्षानुवर्षे त्याच डब्यात बसते. धावपळीत आयुष्य घालवणाऱ्या कारकून मंडळींना तेवढाच काळ तुकोबांच्या सान्निध्यात मिळतो. आम्ही कोणाला ‘आमच्यात या’ म्हणत नाही, पूर्वजांचा देव सोडा म्हणत नाही, नरकाची भीती घालत नाही. या मूलभूत फरकाकडे डोळेझाक करून टाळ आणि पत्रक एका तागडीत टाकणे हा निव्वळ खोडसाळपणा आहे.

सव्वाआठची फास्ट

‘या’ म्हणण्याची गरजच काय? गर्दीत अडकलेला माणूस जाणार कुठे? पत्रकवाला निदान हात पुढे करून थांबतो.

टाळकरी

मग डबा बदला. आपल्याला संतांची वाणी टोचते आणि परक्यांचा कागद चालतो, यातच सर्व काही आले.

ठाणेकर वकील

‘मग डबा बदला’ आणि ‘मग गाडी पकडा’ ही एकाच जातीची उत्तरे आहेत, हे दोन्ही पक्षांनी पाहावे. चेन्नईतील एका चर्चच्या ध्वनिवर्धकाविरुद्ध शेजाऱ्यांनी केलेल्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. तो निकाल चर्चविरुद्ध गेला म्हणून टाळकऱ्यांनी आनंदू नये. त्यातले तत्त्व ढोलकीलाही लागू पडते.

जुने कागद

टाळ बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माचे प्रचारक विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी लोकांसमोर वाद घालत असत. समोर अमेरिकी मिशनरी जॉर्ज बोवेन यांच्यासारखा, मिशनचा पगार नाकारून अत्यंत साधेपणाने राहणारा माणूस होता. बोवेन यांनी त्या वादांचे पुस्तक छापले आणि दोन वर्षांनी बावांनी वेदोक्त धर्माची बाजू स्वतंत्र ग्रंथात मांडली. ज्या काळात राज्यकर्ते ख्रिस्ती होते, त्या काळात बावांना पत्रके फाडावीशी वाटली नाहीत. आज सत्ता, संख्या आणि कायदा हाताशी असताना दोन पोरांचे कागद का सहन होत नाहीत? १८९३ साली राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांना बायबलचा ‘नवा करार’ दिला आणि १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या अनोळखी माणसाने तोंड मिटून प्रवास केला असता, तर मराठी कविता एका मोठ्या भक्तकवीच्या ख्रिस्ती अभंगांना मुकली असती.

अबोली

कवितेला मिळाले, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काय मिळाले? नवऱ्याच्या बाप्तिस्म्याच्या बातमीने त्या बाईवर काय कोसळले आणि पुढची काही वर्षे तिने त्याच्यापासून दूर कशी काढली, हे तिनेच लिहून ठेवले आहे. गाडीतला सद्गृहस्थ पुस्तक देऊन उतरून गेला.

नगरचा वाटसरू

त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. जातिभेदावरचा विश्वास उडाला तो त्यांचा स्वतःचाच. तो कोणी पत्रकातून काढून घेतला नव्हता. त्यांच्या दुःखाला मी कमी लेखत नाही, पण त्यांच्या निर्णयालाही कोणी कमी लेखू नये.

रुग्णालयाविषयी एवढे मानतो की, खाटेवरच्या माणसाशी बोलण्यापूर्वी त्याची आणि नातेवाइकांची परवानगी घेतली पाहिजे, आणि औषधाविरुद्ध एक शब्दही निघता कामा नये. आपल्या आशेविषयी उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या, असे बायबलमधील पेत्राच्या पत्रात आहे. कोणी विचारले तर उत्तर द्यायचे असते, हे आमच्या काही उत्साही बांधवांना वाचून दाखवावे लागेल, हे बावखल यांच्या आजींसाठी मान्य करतो.

वसईचा बावखल

आजीला कळवतो. ती म्हणेल की, हे कबूल करायला तुम्हाला एवढी प्रतिवादी मंडळी लागली.

दादरचा प्रवासी

माझ्या लेखावरून एवढा खल झाला म्हणून लिहितो. मला कोणाची माफी मागायची नाही. गरीब वस्त्यांत शिधा आणि शाळेची फी दाखवून काय चालते, ते मी पाहिले आहे आणि माझा राग तिथून आला आहे. मात्र त्या दोन मुलांनी मला काही दाखवले नव्हते, हे खरे. वकीलसाहेबांच्या समाधानासाठी यापुढे फाडणार नाही. रीतसर घेईन आणि रीतसर कचरापेटीत टाकीन.

नगरचा वाटसरू

अवश्य टाका, तो आपला अधिकार आहे. आमिषाचा पुरावा असेल तर तक्रारही करा. मी सोबत येईन.

अबोली

मंडळीने जाहीरपणे काही म्हटले आहे काय, या माझ्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही.