मदत हवी आहे: गरिबाघरची मतं महाराष्ट्र एकीकरण समितीकडनं (सीमाभागातल्या मराठी लोकांचा पक्ष) का सरकली?
मंडळी, जरा मदत पायजे. 2013 च्या कर्नाटक विधानसभेला खानापूर आणि बेळगाव दक्षिण दोन्हीकडं समितीचे आमदार आले, मग 2018 ला शून्य, 2023 ला पण शून्यच, आणि खानापुरात आधी काँग्रेस मग भाजप. आमच्याकडं वीटभट्टीवर जाणाऱ्या बायका सांगतात, काँग्रेस सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 खात्यावर येतात, बस फुकट, तरी लोकसभेला मत कमळाला. म्हणजे नुसत्या पैशावर मत फिरतं हे मला पटत नाही, उगाच गरिबाला विकाऊ म्हणायचं. जमिनीचा कन्नडमधला उतारा काढून देणारा, दवाखान्याला गाडी आणणारा ज्या पक्षाचा तिकडं घर वळतं काय? निपाणी-चिकोडीकडं कसं आहे? बूथवर बसलेल्यांनी नक्की सांगा.