मदत हवी आहे : मे महिन्याच्या उकाड्यात टिकेल आणि सर्वांना चालेल असे जेली पावडरचे सरबत कसे करावे?

नमस्कार.

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. माझ्या मुलीचा आठवा वाढदिवस येत्या महिन्यात सोमवारी आहे आणि तो घरासमोरच्या अंगणात मांडव घालून करायचे ठरले आहे. वाड्यावरची आणि शाळेतली मिळून वीसेक मुले येतील. बाटलीबंद शीतपेये आणायची नाहीत यावर घरात सर्वांचे एकमत आहे, परंतु जेली पावडरपासून केलेली रंगीत सरबते द्यावीत, काहींत जेलीचे तुकडे तरंगावेत आणि काही नुसतीच पिता यावीत, असा मुलीचा फार आग्रह आहे. तिची इच्छा मला मनापासून पुरवायची आहे. गेल्या दोन आठवड्यांत मी चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा काही ना काही बिघडले, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे धाकटे दीर लिस्बनला असतात. त्यांनी येताना स्ट्रॉबेरीच्या स्वादाच्या जेली पावडरची पाकिटे आणली होती. त्यांतली एका पाकिटाची भुकटी मी कपभर उकळत्या पाण्यात विरघळवली आणि ते दाट पाणी गरम असतानाच बर्फ व गार पाणी भरलेल्या ग्लासांत ओतले. पाहता पाहता ग्लासात शेवयांसारखे लाल तंतू तयार झाले आणि चमचा फिरवला की ते त्याला गुंडाळून वर येऊ लागले. मुलीने एक घोट घेतला आणि ग्लास हळूच माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या वेळी तीच पावडर पाकिटावरच्या मापाने पाण्यात विरघळवून तीत बाजारातून आणलेल्या ताज्या अननसाच्या फोडी घातल्या. या जेलीचे तुकडे लिंबाच्या सरबतात सोडायचा बेत होता, पण रात्रभर फ्रिजमध्ये राहूनही सकाळी भांड्यात पाणी ते पाणीच होते. तिसऱ्या वेळी येथल्या दुकानातली, हिरव्या ठिपक्याची, आंब्याच्या स्वादाची पावडर कढत दुधात घातली, तर दूध फाटले आणि पांढरा चोथा तळाशी बसला. चौथ्या वेळी स्ट्रॉबेरीची साधी जेली सुरेख जमली. तिचे चौकोनी तुकडे लिंबाच्या सरबतात घालून परीक्षा म्हणून ग्लास दुपारी व्हरांड्यात ठेवला. आधी तुकड्यांचे कोपरे गोल झाले, मग ते आकसत गेले, आणि अर्ध्या तासात सरबत गुलाबी होऊन तळाशी केवळ गाळ उरला. वाढदिवशी मुले तासभर तरी अंगणात खेळत, मधूनमधून येऊन पिणार आहेत.

याहूनही महत्त्वाची अडचण वेगळीच आहे. परदेशी पाकिटावर आपल्यासारखा हिरवा किंवा तपकिरी ठिपका नव्हता. शेजारच्या आंटींना पोर्तुगीज येते. त्यांनी पाकिटावरचे घटक वाचून सांगितले तेव्हा कळले, की त्यात खरे जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेले प्रथिन आहे. आमच्या घरी सोमवारी मासळीसुद्धा शिजत नाही आणि सासूबाई तर तसले काही कधीच घेत नाहीत. येणाऱ्या मुलांत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळीच आहेत. कोणाला एक भांडे आणि कोणाला दुसरे, असे मुलांच्या वाढदिवसाला करावेसे मला वाटत नाही. एकाच भांड्यातून सर्वांना वाढता यावे आणि विचारणाऱ्या प्रत्येक आईला मला खरे उत्तर देता यावे, एवढी माझी इच्छा आहे.

तेव्हा माझे प्रयत्न नेमके कशामुळे बिघडले, बर्फाशिवाय तास-दीड तास उन्हाळ्यात टिकतील असे तुकडे कशाचे करावेत, आणि नुसते पिण्याजोगे सरबत करायचे असेल तर पावडरला पाणी किती घ्यावे, हे ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी मडगावात बरीच वर्षे वाढदिवसांच्या ऑर्डरी घेते. तुम्ही लिहिलेला प्रत्येक बिघाड माझ्या स्वयंपाकघरात कधी ना कधी झालेला आहे आणि प्रत्येकाचे कारण वेगळे आहे.

तंतू होण्याचे कारण असे, की जिलेटिन गरम पाण्यात विरघळते आणि थंड झाले की गोठते. दाट, गरम द्रावण बर्फावर पडले, की ते पाण्यात मिसळण्याआधीच जागच्या जागी गोठते. म्हणून पावडर उकळत्या पाण्यात घालून दोन मिनिटे सतत ढवळावी, मग साधे पाणी घालून पूर्ण पातळ करावी, आणि त्यानंतरच ते गार करायला ठेवावे. बर्फ अगदी शेवटी. पिण्याच्या सरबताला मी पाकिटावर जेलीसाठी जेवढे पाणी सांगितलेले असते त्याच्या तिप्पट घेते. पाकिटातली भुकटी बहुतांश साखरच असते, त्यामुळे इतके पाणी घालूनही गोडी राहते. वरून लिंबू पिळले की चव उठून दिसते. मात्र प्रत्येक पाकिटाचा घट्टपणा सारखा नसतो, म्हणून एक ग्लासभर आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून पाहा. सकाळी दाटसर वाटले तर आणखी पाणी घाला. त्यात सोडा घालणार असाल, तर ग्लास तिरका धरून कडेने हळूहळू ओता, कारण जिलेटिनमुळे फेस फार येतो आणि लवकर बसत नाही.

अननसाचे म्हणाल, तर ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे एन्झाइम असते आणि ते प्रथिने तोडते. जिलेटिन हे प्रथिनच असल्यामुळे ते गोठूच शकत नाही, मग रात्रभर ठेवा की दोन रात्री. पपई, किवी आणि ताजे अंजीर यांचेही तसेच आहे. फोडी थोड्या पाण्यात चार-पाच मिनिटे उकळून घेतल्या तर ते एन्झाइम निकामी होते. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्यामुळे तो थेट चालतो.

दूध फाटले ते आंबटपणामुळे. फळांच्या स्वादाच्या पावडरीत सायट्रिक आम्लासारखे काहीतरी असतेच, आणि कढत दुधात ते पडले की दूध फाटणारच. मुलांना दुधाचे पेय हवेच असेल, तर जेली वेगळी, पाण्यातच करावी, तिचे बारीक तुकडे कापावेत आणि वाढायच्या क्षणी थंडगार, साखर घातलेल्या दुधात भिजवलेल्या सब्जाबरोबर सोडावेत. फालुद्यासारखे लागते आणि मुलांना फार आवडते.

आता व्हरांड्यातले वितळणे. जिलेटिनची जेली तोंडात विरघळते हेच तिचे वैशिष्ट्य. तिशीच्या पुढे पारा गेला, की ती सैल पडू लागते आणि ३५ अंशांच्या आसपास पाणी होते. मे महिन्यात आपल्या अंगणात ती टिकावी अशी अपेक्षाच करू नये. तुमच्या दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे चायना ग्रास. ते समुद्री शेवाळापासून करतात, म्हणून सासूबाईंनाही चालेल, सोमवारीही चालेल आणि सर्व घरच्या मुलांना चालेल. ते ३५-४० अंशांच्या दरम्यान, म्हणजे फ्रिजबाहेरही गोठते आणि एकदा गोठले की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. हिरव्या ठिपक्याच्या जेली पावडरीतही बहुधा शेवाळापासून काढलेले कॅरागीनन असते. ते प्रथिन नसल्यामुळे त्याला ताज्या अननसाची बाधा होत नाही. पाकिटावरचे घटक मात्र प्रत्येक वेळी वाचावेत.

माझे माप असे आहे : अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम चायना ग्रास अर्धा तास भिजवावे, मग मंद आचेवर एकही तार दिसेनाशी होईपर्यंत उकळावे, आणि आच बंद करून त्यात हिरव्या ठिपक्याची जेली पावडर घालून ढवळावे. पसरट ताटात ओतावे. कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस घालायचा असेल तर तो खाली उतरवल्यावरच घालावा, कारण आंबटाबरोबर उकळले तर चायना ग्रासचा घट्टपणा कमी होतो. चायना ग्रासचा तुकडा दाताखाली किंचित ठिसूळ लागतो, जिलेटिनसारखा लुसलुशीत नाही. मला स्वतःला सरबतात हाच आवडतो.

प्रतिसाद

एक काळजीची सूचना. जेलीचे मोठे, गोल तुकडे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. छोट्या कपांतल्या, कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठापासून केलेल्या जेलीवर युरोपीय संघाने याच कारणासाठी बंदी घातली आहे. तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे बारीक कापावेत, जाड स्ट्रॉ देऊ नये, चमचा द्यावा, आणि पाहुण्यांबरोबर येणाऱ्या चार वर्षांखालच्या भावंडांना तुकड्यांशिवायचे सरबत द्यावे. धावता धावता पिऊ देऊ नये.

धागाकर्तीचे उत्तर

दोघींचेही मनःपूर्वक आभार. काल रविवारी सर्व करून पाहिले, म्हणून पुढे कोणाला उपयोग व्हावा यासाठी लिहीत आहे.

चायना ग्रास भिजवून उकळायला घेतले तेव्हा ते पूर्ण विरघळायला बारा मिनिटे लागली. मी आधी आठव्या मिनिटालाच उतरवणार होते, पण पळीतून पाणी उजेडात धरून पाहिले तेव्हा केसासारख्या तारा दिसल्या, म्हणून थांबले. ताटात ओतल्यावर ओट्यावरच, पंख्याखाली पाऊण तासात ते घट्ट झाले. एक ताट आंब्याच्या पावडरचे केले आणि दुसरे पावडर न घालता, नुसते साखर आणि कोकमाचे. कोकमाच्या ताटाचा रंग कोणत्याही पाकिटातल्या रंगापेक्षा खुलून आला, आणि ते पाहून सासूबाईंनी स्वतः सुरी घेऊन त्याचे बारीक तुकडे केले. दोन्ही प्रकारचे तुकडे लिंबाच्या सरबतात घालून भर दुपारी दीड तास व्हरांड्यात ठेवले. कोपरे होते तसेच धारदार राहिले. ताज्या अननसाच्या फोडीही त्याच ग्लासात होत्या, त्यांनी काही बिघडवले नाही.

नुसत्या पिण्याच्या सरबतासाठी हिरव्या ठिपक्याच्या पावडरला तिप्पट पाणी घेतले, पण रात्रभरात ते माझ्या चवीला थोडे दाट झाले, म्हणून चौपट केले आणि चार लिंबे वाढवली. वीस मुलांना प्रत्येकी दोनदा, पाऊण-पाऊण ग्लास धरून सहा लिटर लागेल असा हिशेब केला आहे. मडगावच्या ताई, एवढे सरबत आदल्या संध्याकाळी करून ठेवले तर सकाळपर्यंत आणखी दाटते का, की सोमवारी पहाटेच करावे? आमचा फ्रिज लहान आहे, त्यामुळे पहाटे करून मातीच्या माठात ठेवण्याचा विचार आहे.

लिस्बनची उरलेली दोन पाकिटे आंटींना दिली. त्यांच्या घरी सर्वांना ती चालतात.