करिझ्मा: मधला टप्पा राहिला की!

भाऊ, ‘हिरोच्या नव्या करिझ्मा एक्सएमआर बाईकचा जुन्या करिझ्माशी काही संबंध नाही’ हे तुमचं म्हणणं अर्धं पटलं; मधली करिझ्मा झेडएमआर तुम्ही सोडलीच. 2003 ची करिझ्मा 223 सीसी, एअर-कूल्ड (इंजिन हवेनं थंड होणारी), पाच गिअरची. 2009 च्या झेडएमआरमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन, शिवाय ऑइल कूलर अन् मागेही डिस्क ब्रेक आला. पण गावाकडं जुनीच टिकली. आर्वीकडचा आमचा मिस्त्री कडुनिंबाखाली पोतं अंथरून तिचा कार्ब्युरेटर उघडायचा, पेट्रोलनं धुवायचा, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) तोंडानं फुंकायचा, की गाडी चालू. इंजेक्शनवालीला हात लावायला तो राजीच नसे.

2023 ची एक्सएमआर 210 सीसी, लिक्विड-कूल्ड (रेडिएटरमधल्या द्रवानं थंड होणारी), सहा गिअर, 25.5 पीएस ताकद. मे महिन्यातल्या वर्धा-चंद्रपूरच्या उन्हात रेडिएटर हवाच होता बाप्पा! खटकते ती टाकी: तेव्हा 15 लिटर, आता 11. गडचिरोलीत आत शिरलं की पंप कुठं सापडतो? लांब पल्ल्याची गाडी म्हणता, मग टाकी कशाला कापली? अन् समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच, तेव्हा तो टॉप स्पीड कुठं काढायचा तेही सांगा.