भाची कुठल्याच आकड्यात नाही

‘कम्युनिटी कॉलेजांचा (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे कोर्स देणाऱ्या सरकारी कॉलेजांचा) शिक्षण पूर्ण होण्याचा दर राज्यात सगळ्यात कमी, म्हणजे तिथे शिकवतच नाहीत’ हे म्हणणं काही पटलं नाही. अमेरिकेतला हा सरकारी दर, म्हणजे ठरल्या मुदतीत कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा असतो. मुदत दीडपट धरतात: चार वर्षांच्या पदवीला 6 वर्षं, दोन वर्षांच्या कोर्सला 3.

माझी भाची कम्युनिटी कॉलेजातून वर्षभरातच विद्यापीठात गेली आणि रीतसर पदवी घेऊन बाहेर पडली. पण जुन्या कॉलेजच्या पदवीधरांत ती नाही आणि विद्यापीठाच्या दरातही नाही, कारण तिथे ती ‘पहिल्यांदा’ आलेली नव्हती! अर्धवेळवाले आणि बदलून आलेले धरून 8 वर्षांपर्यंतचा वेगळा सरकारी तक्ताही निघतो. तुलना करायचीच तर तो उघडा.